रूथ घ्यायची ते नाव

"लंगड्याची बायको दवाखान्यात वारली, त्याला सांगायचं कसं?" दाराबाहेरचं हे बोलणं शमुवेलनं आतून ऐकलं.

सारं गाव त्याला लंगड्याच म्हणे. त्याची रूथ जनरीतीप्रमाणे नवऱ्याचं नाव घेत नसे, फक्त रोजच्या प्रार्थनेत म्हणायची, "प्रभू, माझ्या शमुवेलला सांभाळ."

महिन्यानं तो चर्चच्या पाळकांना म्हणाला, "साहेब, आता देवापुढं माझं नाव घेणारं कुणी उरलं नाही."

"बाप्तिस्म्यात याच नावानं त्यानं तुम्हाला आपलं लेकरू म्हटलं. तो काय विसरलाय? तुम्हीच घ्या की नाव."

शमुवेलनं वाकणारा तेवढा गुडघा टेकला. "प्रभू, मी शमुवेल." पुढं काही सुचेना, म्हणून तेच पुन्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर कुणीतरी हाकारलं, "काय लंगडोबा!"

"शमुवेल म्हणायचं," तो शांतपणे म्हणाला.

रूथच्या कबरीवर क्रूस उभारायचा अजून राहिला आहे.