शुक्रवार पेठेतलं अनोळखी दार

गोष्ट चौऱ्याहत्तरची. सात महिन्यांची गरोदर रत्नम्मा सासऱ्यांबरोबर कुंभारीहून सोलापुरात डॉक्टरीणबाईंना दाखवायला आली होती. दवाखान्यातून निघाल्यापासून ती लघवी दाबून चालत होती. शुक्रवार पेठेत मुतारी दिसली, पण पुरुषांची. बायकांसाठी कुठंच सोय नव्हती. सासऱ्यांना सांगायचं कसं? त्यांच्यासमोर तिनं कधी मानही वर केली नव्हती. शेवटी एका ओट्यावर ती मटकन बसली. “पोटात दुखतंय का गं?” सासऱ्यांनी घाबरून विचारलं. “न्हाय मामा, मला… जायाचंय,” ती पदरात पुटपुटली. सासऱ्यांनी पटका सावरून समोरचं अनोळखी दार ठोठावलं. एका बाईनं दार उघडलं. “ताई, माज्या सुनेला लगवीला जायाचंय. लई कळ काढलीय पोरीनं.” बाईनं रत्नम्माला हाताला धरून आत नेलं. ती हलकी होऊन बाहेर आली. “हितंच थांब,” सासरे मुतारीकडं वळत म्हणाले, “तुज्यासमोर मलाबी जायाची लाज वाटत हुती.” रत्नम्मा खळखळून हसली.