पप्पांची बॅटरी

मोबाइलच्या चिपचे काही भाग कमी व्होल्टेजवर चालतात, काही जास्त. त्यांच्यामध्ये व्होल्टेज चढवून देणारी शेकडो छोटी सर्किटं असतात. अंधेरीच्या कंपनीत कॅथरिनने दोन वर्षं खपून या सर्किटांची जागा निम्म्यावर आणली, वीजही वाचवली. बॅटरी जास्त टिकावी, एवढाच तिचा ध्यास. कारण बायपासनंतरही पप्पा गिरीज गावातल्या वाडीत दिवसभर एकटेच राबायचे आणि संध्याकाळ झाली की त्यांचा फोन हमखास बंद!

२००७ साली ती चिप घातलेला फोन बाजारात आला. कॅथरिनने हौसेने पप्पांना आणून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारीच तो बंद. जीव मुठीत धरून ती ऑफिसातून तडक वाडीत पोचली, तर पप्पा केळीला पाणी देत मजेत गुणगुणत होते.

"पप्पा, फोन का बंद?"

"बॅटरी संपली, बाय. सकाळपासून गाणी लावली होती ना! अगं, यात रेडिओपण आहे."

 

चिपवर कॅथरिनने वाचवलेली जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून कंपनीने तिथेच तो रेडिओ बसवला होता.