अर्ध्या बोटाची चूक

“पुन्हा टेक,” तो म्हणाला. कारखान्यात तो टर्नर होता, लेथवर धातू कातणारा.

बायकोने मागची बटणं सोडलेलीच होती. ती खुर्चीत मागे रेलली. खुर्चीच्या पाठीवर त्याने एक उभी फळी बसवली होती. फळीवर स्पंजचे चार ठोकळे आणि प्रत्येक ठोकळ्यावर दुखऱ्या स्नायूंना विजेच्या झिणझिण्या देणाऱ्या टेन्स मशीनचा एक पॅड, चिकट बाजू बाहेर. पॅड तिच्या पाठीला चिकटले. ती पुढे झुकली, तसे ते फळीवरून सुटून पाठीवरच राहिले. त्याने मापाची पोलादी पट्टी लावली. फिजिओथेरपिस्टने तिच्या पाठीवर पेनाने चार खुणा करून दिल्या होत्या. दोन मानेच्या मुळाशी, दोन खांद्याच्या फऱ्यांमध्ये. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून तो रोज गिरवायचा. पॅड खुणांच्या डावीकडे पडले होते.

“किती?”

“नऊ मिलिमीटर.”

“म्हणजे अर्धं बोट. कारखान्यात मायक्रॉन म्हणतात ना तुम्हाला? ऐकतील तर हसतील.”

सव्वीस वर्षं ती बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवत होती. मान खाली घालून. संध्याकाळी घरी येईपर्यंत मानेचं लाकूड व्हायचं. वीस मिनिटं मशीनच्या झिणझिण्या घेतल्या की मान थोडी सैल पडायची आणि तेवढ्या वेळात तिला व्यायाम करता यायचे. पण फऱ्यांच्या मध्ये आपलाच हात पोचत नाही. चार वर्षं पॅड तोच लावत होता.

आता तो महिनाभर जाणार होता. दुसऱ्या गावी नवा कारखाना निघाला होता, तिथल्या पोरांना लेथ शिकवायला. तोवर तिला एकटीने मशीन लावता आलं पाहिजे, म्हणून ही खुर्ची. “खुर्ची जमल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही,” असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. गेल्या गुरुवारी निघायचं होतं, पण ती जमली नाही. त्याने फोन करून जाणं आठवडाभर पुढे ढकललं. आज पुन्हा बुधवार होता.

“चार पॅड लावायचा एवढा कंटाळा आला होता, तर सरळ सांगायचं,” ती म्हणाली. “एवढी सुतारकी कशाला?”

तो हसला. स्क्रू सैल करायला घेतले. दोन झाले आणि तो जमिनीवर बसला, गुडघ्यावर हात टेकून.

“दम लागला?”

“वय झालं.”

“तुमचं?”

“स्क्रूचं.”

त्याने फळी नऊ मिलिमीटर सरकवली. ती टेकली. आता पॅड उजवीकडे अकरा. फळी परत सरकवली. आता वर आठ.

“झिणझिण्या भलतीकडेच येणार,” ती म्हणाली. “असं नाही चालायचं. उद्याचं जाणं रद्द करा.”

त्याने आकडा फळीच्या कडेवर पेन्सिलीने लिहिला. तिथे बारा दिवसांचे आकडे होते. त्याने ते पहिल्यांदाच एका दमात वाचले. डावीकडे नऊ, उजवीकडे दहा, खाली सात, पुन्हा डावीकडे, वर. प्रत्येक नव्या पोराला लेथवर उभं करताना तो एक गोष्ट सांगायचा: हत्यार चुकीचं लागलं असेल, तर चूक दरवेळी एकाच बाजूला पडते. ती इकडेतिकडे पडायला लागली, की हत्याराला हात लावू नका. हात हलतोय.

त्याने स्क्रू पुन्हा सैल केले. मग त्याने फळी सरकवत नेली, ती थेट पहिल्या दिवशी आखलेल्या रेघेवर, आणि तिथे स्क्रू धरले.

“पहिल्या दिवसाचं माप बरोबर होतं,” तो म्हणाला. “खुर्ची चुकत नाही. तू हलतेस.”

तिने मागे वळून पाहिलं नाही.

“लेथ शिकवायला चाललात ना तुम्ही? मग पोरं हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर शिकतात वाटतं.”

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“चष्म्याच्या घरात हॉस्पिटलची चिठ्ठी कोण ठेवतं? सुईत दोरा जाईना की मी तुमचाच चष्मा घेते, हेही विसरलात.”

“हृदयातला एक व्हॉल्व्ह बदलायचाय. मशीनचा बदलतो तसा.”

“मशीनचा बदलताना घरच्यांची सही घेत नाहीत.” तिचा आवाज थोडा हलला, पाठ नाही. “आठवड्यापलीकडे लांबवू नका, असं लिहिलंय त्यात. ते मी वाचलंय. आणि तरी अर्ध्या अर्ध्या बोटाने मी तुमचा अख्खा आठवडा खाल्ला. वाटलं, खुर्ची जमली नाही तर तुम्ही जाणार नाही. जमिनीवर बसलात मघाशी, तेव्हा कळलं, काय करतेय मी.”

“आणि त्यानंतरही दोनदा हललीस.”

“सवय लागली होती.”

दोघांनाही हसू आलं आणि ते लगेच विरलं.

तिने केस पुढे घेतले. दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, हात मांडीवर. कारखान्यात जाड पुस्तकाला पहिला टाका घालताना बसायची तशी ती ताठ बसली आणि सरळ मागे टेकली. पुढे झुकली. त्याने पट्टी लावली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.

“किती?” तिने विचारलं.

“शून्य.”

तिने मशीन मांडीवर घेतलं, स्वतःच बटण दाबलं. आकडा एकेकाने वाढवत नेला, झिणझिण्या जागेवर आल्यावर थांबली.

“उद्या रजा टाकते. सही मी करणार,” ती म्हणाली. मागे तो शेवटचा स्क्रू आवळत होता. स्क्रूची करकर तिने क्षणभर ऐकली. “आणि तो फार घट्ट पिळू नका. महिन्याने तुम्हालाच काढायचाय.”