फायनलचा गुलाल

"मावशी, आई गेली. कुणाला सांगू नका, आज फायनल आहे," पोह्यांची बशी बाजूला सारत योसुके म्हणाला. आमच्या कोल्हापुरातल्या तालमीनं आपल्या फुटबॉल संघासाठी जपानहून आणलेला हा खेळाडू दोन हंगाम माझ्याच खानावळीत जेवत होता. मराठीही इथंच शिकला.

"लेका, फायनल कसली! आधी घरी जा की."

"पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल." त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "पोलंड, थायलंड, मग इथं. बारा वर्षं बाहेर खेळतोय. आईनं मला मैदानात शेवटचं बघितलं, ते शाळेत असताना."

संध्याकाळी त्याच्याच गोलवर आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन, हलगी वाजवत थेट माझ्या दारात आणलं. तो गुलालानं पार माखला होता, आणि जो कुणी मूठ घेऊन येईल त्याच्यापुढं मुकाट मान झुकवत होता.

माझा जीव तुटला. सुतकात कुणी गुलाल लावून घेतं का? पण पोरांना काय ठाऊक, आणि त्याला तरी कुणी सांगितलेलं?

"बास झालं आता!" मी ओरडले. हाताला धरून त्याला आत न्हाणीत नेलं, बुटांसकट पाटावर बसवलं आणि डोक्यावर पाणी ओतलं.

"आमच्यात आई गेली की पोरानं अंघोळ करायची असते."

लाल पाणी वाहत राहिलं. ते निवळेपर्यंत मी ओतत राहिले. मग मान खाली घालूनच त्यानं विचारलं, "मावशी, आता रडलं तर चालेल?"