फाटक ओलांडून आलेला

दारावर थाप पडली. एक नाही, लागोपाठ चार-पाच. झुल्मिराच्या हातातला कसाव्याचा कंद अर्धा सोललेला तसाच राहिला.

"आई, कोण गं..." जुरांदिर खुर्चीवरून उठला.

"गप!" तिनं पोराच्या तोंडावर हात दाबला. "आतल्या खोलीत जा. पलंगाखाली शीर. मी हाक मारेपर्यंत श्वास मोठ्यानं घ्यायचा नाही."

भर दुपार होती. आमच्या लागोआ रासा गावात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. माणूस फाटकाबाहेर उभा राहतो, टाळ्या वाजवतो, "आहे का कुणी घरात?" म्हणून ओरडतो आणि आतून "या की" ऐकल्याशिवाय अंगणात पाऊल टाकत नाही. वसुलीला येणारा वाणीसुद्धा टाळ्या वाजवतो. फाटक ओलांडून थेट दाराशी आलेली माणसं झुल्मिराच्या घरानं एकदाच पाहिली होती. तिच्या नवऱ्यानं, ओनोफ्रेनं, त्यांना दार उघडलं आणि उंबऱ्यातच गोळ्या खाल्ल्या. जमिनीच्या भांडणात तो एका बड्या मळेवाल्याला आडवा गेला होता. मारेकऱ्यांचे चेहरे जुरांदिरनं पाहिले होते. पुढच्या महिन्यात तो ते कोर्टात सांगणार होता. सांगायला उरला तर.

थापा थांबेनात. आता मुठी आदळत होत्या. बाहेरचा माणूस काहीतरी ओरडत होता. घसा बसलेला, शब्द कळेनात. असल्या कामावर लांबच्या मुलखातली माणसं पाठवतात, हे तिला ठाऊक होतं. कुत्रं आधी भुंकलं आणि एकदम गप्प झालं. त्याचाही निकाल लावला, असं तिला वाटलं. ती दाराला पाठ लावून खाली बसली. प्रत्येक ठोका तिच्या मणक्यात बसत होता. बाई मेली असती, पण तिथून हलली नसती.

मग पावलं लांब गेली. धावत गेली.

बऱ्याच वेळानं तिनं कडी काढली. कुत्रं पायरीवर बसून शेपूट हलवत होतं. जुरांदिर बाहेर आला तसं तिनं त्या दांडग्या पोराला कुशीत ओढलं. "बापाला नाही राखता आलं रे," ती म्हणाली, "पण तुला राखलं." रडता रडता ती हसली. ओनोफ्रे गेल्यापासून इतकी सुखी ती कधी झाली नव्हती.

दिवस मावळायच्या आत चर्चच्या भोंग्यावरून मयताची बातमी आली. काजूच्या बागेपलीकडची परदेशी बाई गेली होती. बिर्ते.

हेनिंग आणि बिर्ते डेन्मार्कहून इथं राहायला आली, त्याला वर्ष होत आलं होतं. नोकरीतून सुटलेली, थंडीला कंटाळलेली माणसं. एक उन्हाळा बघतील आणि पळतील, असं गाव म्हणालं होतं. ती पळाली नाहीत. बिर्ते आमची भाषा भराभर शिकली, बाजारात भोपळ्यासाठी भांडायलासुद्धा शिकली. हेनिंगची जीभ काही वळली नाही. कुणाकडेही जायचं तर फाटकाशी टाळ्या वाजवायच्या त्या बिर्तेनं. हा मागं नुसता हसत उभा. पोरं त्याला बायकोचं शेपूट म्हणायची, आणि तो त्यालाही हसायचा.

कुंपण छाटताना मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि बिर्तेचा गळा सुजत गेला. दवाखान्यात सुई होती, पण दवाखाना मोठ्या गावात, गाडीनं अर्ध्या तासावर. हेनिंगची गाडी दुरुस्तीला गेलेली. जवळपास गाडी होती ती एकच, जुरांदिरची पिकअप.

बिर्तेला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. बायका प्रार्थना म्हणत होत्या. कॉफीचा थर्मास हातात धरून झुल्मिरा दारात आली आणि तिथंच खिळली. तिला पाहून हेनिंग उठला. त्याच्या दोन्ही मुठींची सालं निघाली होती.

"दोना झुल्मिरा," इथल्या रीतीनं मानाची हाक मारून तो एकेक शब्द शोधत म्हणाला, "मी पहिले तुमच्या घरी. खूप वाजवलं. पिकअप दिसली. पण तुम्ही घरी नाही."

खोलीतल्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या.

"शेतावर होते," ती म्हणाली. "आम्ही दोघंही शेतावर होतो."

हेनिंगनं मान हलवली. तिच्या हातातला थर्मास काढून त्यानं खाली ठेवला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"रडू नका. तुम्ही घरी असता, तर दार उघडलं असतं. मला माहीत आहे."