तीन महिन्यांच्या नोंदी

दहा वर्षं जुळली, पण मधलेच तीन महिने काही केल्या जुळेनात. जुना पाऊस संगणकात घातला की नदीला किती पाणी आलं असेल ते मॉडेल सांगायचं, आणि काठावरच्या मोजपट्टीच्या वहीशी ते ताडून बघायचं, हे तिचं काम. माती किती पाणी पिते, उतार ते किती वेगाने सोडतो, सगळ्या आकड्यांचे कान पिळून झाले होते. बाकी वर्षांत मॉडेल आणि वही गळ्यात गळे घालून चालत होती. त्या तीन महिन्यांत मात्र वहीतली नदी पिसाळलेली. शेवटच्या दिवशी तर साडेनऊ मीटर!

"कुणीतरी झोपेत लिहिलंय," साहेब म्हणाले. "तेवढे महिने गाळा. भिंत सहा मीटरचीच होईल. दहाची सांगितली तर वरचे लोक मलाच नदीत टाकतील."

भिंत नदी आणि खालची वस्ती यांच्या मधली. तिच्या आड चारशे घरं राहणार होती.

तिलाही साहेबांचं पटलं. बाकीची पानं कशी कोरी करकरीत, अक्षर वळणदार. या तीन महिन्यांची पानं फुगलेली, शाई फुटलेली, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. साडेनऊनंतर तर महिनाभर काहीच नाही. लिहिणाऱ्याला कामाचं सोयरसुतक नव्हतं, हे कुणीही सांगितलं असतं. तेवढे महिने गाळताच मॉडेल शंभरात चौऱ्याण्णव गुणांनी पास झालं. फक्त नियम आडवा आला. नोंदी गाळायच्या तर नोंदी ठेवणाऱ्याची सही हवी.

तो निवृत्त होऊन एका खोलीत एकटाच राहत होता. लंगडत येऊन त्याने दार उघडलं. कागद दोनदा वाचला. पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"आजोबा, तुमच्यावर काही येणार नाही," ती म्हणाली. "तीन महिन्यांचे आकडे चुकलेत, एवढंच लिहिलंय."

"बाकीचे बरोबर आहेत?"

"अगदी तंतोतंत. जसा पाऊस, तसं पाणी."

म्हातारा हसला. ते हसू बघून तिला बरं वाटलं नाही.

"असणारच, बाई. रात्रभर पाऊस झाला की हातभर वाढवायचं. दोन दिवस उघडीप मिळाली की वीतभर उतरवायचं. नदी इथून तासाभराच्या वाटेवर. चिखल तुडवत रोज कोण जाणार? मी या खिडकीत बसूनच लिहायचो."

इतके दिवस तिने संगणकाला नदी शिकवलीच नव्हती. या खिडकीतल्या माणसाचा अंदाज शिकवला होता.

"आणि ते तीन महिने?" तिने कसंबसं विचारलं.

म्हाताऱ्याने सही न करताच कागद तिच्याकडे सरकवला.

"माझा पाय मोडला होता. माझ्याऐवजी बायको लिहायची. मी लाख सांगितलं, घरी बसून लिही, कोण बघतंय? पण ती दिवसातून दोनदा नदीवर जायची. साडेनऊ हा तिचा सकाळचा आकडा. संध्याकाळचा बघायला गेली, ती परत आलीच नाही."