पहाटेला विनवणी

पहाटेपूर्वी हातात मेणबत्ती घेऊन सांगलीची ऋजुता अंगणात येरझारा घालत होती. रुमानियातल्या या खेड्यात वर्षभर राहून ती मृत्यूची संथ गाणी शिकली होती. पण सूर लांबवताना तिचा धीर दर वेळी सुटे. "मरण कुठं पळून जातंय का, पोरी?" घरमालकीण सेवास्ता हसून म्हणायची. काल सेवास्ताच गेली.

आज तिच्यासाठी तरी आपल्याला गाता यावं, एवढंच ऋजुताला हवं होतं. गाणाऱ्या बायका पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. 'जरा थांब, हिला निघायची तयारी करू दे,' अशी उगवत्या दिवसाला विनवणी सुरू झाली. ऋजुता त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

त्यांच्या प्रमुख फ्लोरिकाबाईंनी तिचा दंड धरला. "तू नाही."

"चुकणार नाही हो मी! सगळं पाठ आहे."

"ठाऊक आहे. पण घरच्यांनी गायचं नसतं. ते शेजाऱ्यांचं काम." फ्लोरिकाबाईंनी तिची मेणबत्ती काढून घेतली. "तू आत जा. तिच्या लेकीशेजारी बस."

लेकीनं बाकावर सरकून जागा केली. बाहेर एकेक सूर लांबत होता. तो संपूच नये, असं ऋजुताला प्रथमच वाटलं.